छंदाचा संगणक-बोर्ड : चिप आणि मेमरी यांची निवड

स्वतः आखलेल्या सर्किट बोर्डावर आठ बिटांचा छोटा संगणक जुळवून तो चालू करणे, हा इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदातील जुना आणि मानाचा टप्पा आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, निवृत्त तंत्रज्ञ आणि केवळ हौसेपोटी या वाटेला लागलेले अनेक जण आजही तो प्रयत्न करतात. पीसीबी आखण्याची मोफत सॉफ्टवेअर आता उपलब्ध आहेत आणि थोडे बोर्ड बनवून घेणेही पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. तरीही बनून आलेला बोर्ड निमूट पडून राहिला, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. दोष सोल्डरिंगमध्ये शोधला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो कित्येक आठवडे आधी, सुट्या भागांची यादी करतानाच शिरलेला असतो. एकदा तांब्यात उतरलेली रेघ खोडता येत नाही. म्हणून चिप आणि मेमरी निवडताना करावयाचा हिशेब बोर्ड आखण्यापूर्वी कागदावर पूर्ण झाला पाहिजे.

हा हिशेब पाच गोष्टींचा असतो : मेमरी किती लागेल, तिचे पत्ते कोठे असतील, ती वेळेत उत्तर देईल का, तिचे व्होल्ट इतर चिपांशी जुळतात का आणि ती अस्सल स्वरूपात बाजारात मिळेल का. सर्वांत वेगवान किंवा सर्वांत मोठी चिप घेतल्याने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

गरज किती?

पहिला प्रश्न असा की, वेगळी मेमरी हवीच का? दिवे लावणे, तापमान मोजणे, मोटर फिरवणे अशी कामे मायक्रोकंट्रोलर एकटा करतो, कारण त्याच्या पोटातच मेमरी असते. प्रचलित एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, चालू कामासाठी २ किलोबाइट रॅम आणि १ किलोबाइट ईईप्रॉम आहे. मात्र ३२० बाय २४० ठिपक्यांच्या रंगीत पडद्याचे पूर्ण चित्र रॅममध्ये ठेवायचे झाल्यास, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरून, १,५३,६०० बाइट लागतात. ते २ किलोबाइटमध्ये मावणे शक्य नाही. २०२१ साली आलेल्या आरपी२०४० या चिपमध्ये २६४ किलोबाइट रॅम असल्याने तेच चित्र तिच्यात सहज बसते. परंतु त्या चिपमध्ये प्रोग्राम साठवणारी फ्लॅश मेमरी नाही, ती बाहेरून जोडावी लागते. असा दोन ओळींचा गुणाकार आधी केला, तर पुढचा बराच खर्च वाचतो.

वेगळा प्रोसेसर, वेगळी रॅम आणि वेगळी रॉम असा बोर्ड बनवण्याचा हेतू बहुधा निराळा असतो. संगणकाचे आतले व्यवहार उघडे पाहणे, पत्त्याची आणि डेटाची प्रत्येक रेषा मोजता येणे, हे त्याचे खरे मोल आहे. या हेतूला थोडी मेमरी पुरते. १९७६ च्या ॲपल-१ मध्ये पहिला प्रोग्राम अवघ्या २५६ बाइटच्या प्रॉममध्ये बसवलेला होता; १९८१ चा सिंक्लेअर झेडएक्स-८१ हा ८ किलोबाइट रॉम आणि १ किलोबाइट रॅम यांवर घरोघरी पोहोचला. आज ३२ किलोबाइट रॅम आणि ३२ किलोबाइट रॉम घेणारा हौशी आखणीकार त्या मानाने श्रीमंतच म्हणावा लागेल.

प्रोसेसर कोणता?

आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ८०८५ परिचित असतो. इंटेलने तो १९७६ मध्ये आणला. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. ८०८५ एकट्या ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या नावातील ५ हा अंक तेच सांगतो. मात्र त्यात पत्त्याच्या खालच्या आठ रेषा आणि डेटाच्या आठ रेषा एकाच पिनांवर आळीपाळीने येतात. पत्ता धरून ठेवण्यासाठी ७४एचसी३७३ सारखी लॅच चिप बाहेर जोडावी लागते. शिवाय आज मिळणारे ८०८५ बहुतांशी जुन्या साठ्यातील किंवा वापरून काढलेले असतात.

झेड-८० हाही १९७६ चाच. इंटेल सोडून आलेल्या फेडेरिको फॅजिन यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या झायलॉग कंपनीने तो काढला. पत्त्याच्या सोळा रेषा वेगळ्या, डेटाच्या आठ वेगळ्या आणि डायनॅमिक रॅमला लागणाऱ्या रिफ्रेशची सोय आतच, ही त्याची वैशिष्ट्ये. जवळजवळ अर्धे शतक तो बनत राहिला. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने झेड८४सी०० या मालिकेची विक्री थांबवत असल्याचे कळवले आणि शेवटच्या मागणीसाठी १४ जून २०२४ ही मुदत दिली. साठे शिल्लक असल्याने हौशी मंडळींना तो अजून काही काळ मिळेल. पण नव्याने आखणी करणाऱ्याने ही बाब ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा.

तिसरा पर्याय ६५०२ चा. एमओएस टेक्नॉलॉजीने तो सप्टेंबर १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला काढला, तेव्हा स्पर्धक प्रोसेसरांच्या किमती शेकडो डॉलरमध्ये होत्या. त्या मूळ चमूतील बिल मेन्श यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेली वेस्टर्न डिझाइन सेंटर ही कंपनी त्याची सीमॉस आवृत्ती, डब्ल्यू६५सी०२एस, आजही ४० पिनांच्या रुंद डीआयपी आवरणात पुरवते. ५ व्होल्टवर तिचा क्लॉक १४ मेगाहर्ट्झपर्यंत नेता येतो, आणि शिकताना हवा तर हाताने बटण दाबून एकेक ठोका देत इतका मंदही करता येतो. मूळ ६५०२ ला हे दुसरे साधत नाही.

येथे एक खाच आहे. मूळ ६५०२ ची पहिली पिन ग्राउंडला जोडलेली असते. डब्ल्यू६५सी०२एस मध्ये त्याच पिनेवर एक संकेत बाहेर येतो. जुन्या पुस्तकातील आराखडा पाहून ती पिन ग्राउंडला जोडली, तर चिपचे निर्गम शॉर्ट होते. नाव सारखे म्हणून पिना सारख्या, असे कधीही गृहीत धरू नये. तसेच न वापरलेल्या प्रवेश-पिना मोकळ्या न सोडता रोधातून ५ व्होल्टला बांधाव्यात.

या लेखातील पुढील उदाहरण डब्ल्यू६५सी०२एस धरून दिले आहे.

मेमरीचे प्रकार

स्टॅटिक रॅममध्ये प्रत्येक बिट ट्रान्झिस्टरांच्या छोट्या जोडणीत धरलेला असतो. वीज आहे तोवर तो टिकतो. डायनॅमिक रॅममध्ये तो सूक्ष्म कपॅसिटरवरील विद्युतभाराच्या रूपात असतो. तो भार गळत राहतो, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. जुन्या ४११६ चिपमध्ये १२८ ओळी दर २ मिलिसेकंदांत ताज्या कराव्या लागत, आणि तिला तीन वेगवेगळे व्होल्टेजही लागत. एकेकाळी डायनॅमिक रॅम स्वस्त असल्याने हा खटाटोप परवडत असे. आज ३२ किलोबाइटसाठी तो करण्याचे कारण उरलेले नाही. ६२२५६ या जातीची स्टॅटिक रॅम घ्यावी आणि निश्चिंत व्हावे.

प्रोग्राम कायम ठेवण्यासाठी तीन पर्याय आहेत. २७सी२५६ ही ईप्रॉम पुसण्यासाठी तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश बराच वेळ, साधारण पंधरा ते वीस मिनिटे, द्यावा लागतो. २८सी२५६ ही ईईप्रॉम विजेनेच पुसली जाते आणि तिच्यात एकेक बाइटही बदलता येतो. शिकणाऱ्याला हीच सर्वांत सोयीची. तिसरी फ्लॅश : उदाहरणार्थ एसएसटी३९एसएफ०१०ए. हिची क्षमता १२८ किलोबाइट, वेग ७० नॅनोसेकंद आणि वीज ५ व्होल्ट. मात्र तिच्यातील मजकूर एकेक बाइट पुसता येत नाही, ४ किलोबाइटचा गट एकदम पुसावा लागतो. बोर्डावरून काढून प्रोग्रामरमध्ये लिहिणार असाल, तर या फरकाने फारसे अडत नाही.

नावातील आकडे आणि पिना

६२२५६ किंवा २८सी२५६ यांतील २५६ हा आकडा किलोबिट दाखवतो. आठने भागले की ३२ किलोबाइट होतात. नावाच्या शेवटी डॅशनंतर येणारा आकडा बहुधा वेग सांगतो. पण तो नॅनोसेकंदांत की दहा नॅनोसेकंदांच्या पटीत, हे प्रत्येक उत्पादकाच्या डेटाशीटमध्येच पाहावे.

या तिन्ही २८ पिनांच्या चिपांची मांडणी जवळजवळ एकच आहे, आणि ‘जवळजवळ’ या शब्दातच धोका आहे. ६२२५६ आणि २८सी२५६ मध्ये पहिली पिन पत्त्याच्या सर्वांत वरच्या रेषेची, तर सत्ताविसावी लेखनाच्या संकेताची. २७सी२५६ मध्ये पहिली पिन प्रोग्रामिंगच्या व्होल्टेजची, आणि पत्त्याची ती वरची रेषा सत्ताविसाव्या पिनेवर. बोर्डावर या दोन पिनांशी जंपर ठेवले, तर एकाच सॉकेटात ईप्रॉम आणि ईईप्रॉम दोन्ही बसवता येतात. एक चिप बाजारातून गायब झाली तरी बोर्ड निकामी होत नाही.

आवरणाची रुंदीही तपासावी. २८ पिनांची रॅम १५.२४ मिलिमीटर रुंदीच्या आणि ७.६२ मिलिमीटर रुंदीच्या अशा दोन्ही आवरणांत येते. पिनांची संख्या जुळली, पण रुंदी चुकली, तर चिप सॉकेटात बसणारच नाही.

रॅमच्या बाबतीत एक सवलत आहे. तिच्या डेटाच्या रेषा आपापसांत, किंवा पत्त्याच्या रेषा आपापसांत, अदलाबदल करून जोडल्या तरी चालते. कारण जेथे लिहिले तेथूनच वाचले जाते. तांब्याच्या रेषा एकमेकींना छेदत असतील, तर या सवलतीचा उपयोग करावा. रॉमला आणि फ्लॅशला ती लागू नाही.

पत्त्यांची वाटणी

पत्त्याच्या सोळा रेषांनी ६५,५३६ जागा दर्शवता येतात. त्या कोणी घ्यायच्या हे पुष्कळ अंशी प्रोसेसर ठरवतो. ६५०२ सुरू होताना पहिली सूचना कोठे आहे हे ६५५३२ आणि ६५५३३ या जागांवर पाहतो. म्हणून रॉम वरच्या टोकाला हवी. त्याचा स्टॅक आणि झपाट्याने वापरायची ‘शून्य पृष्ठा’ची जागा पहिल्या ५१२ बाइटमध्ये असते, म्हणून रॅम खालच्या टोकाला हवी. झेड-८० आणि ८०८५ यांचे नेमके उलट : ते शून्य पत्त्यापासून सुरू होतात, म्हणून रॉम खाली लागते. बाहेरील उपकरणांसाठी या दोघांना २५६ पोर्टांची स्वतंत्र सोय आहे. ६५०२ ला ती नाही. उपकरणांसाठी मेमरीच्याच पत्त्यांतून जागा काढून द्यावी लागते.

३२ किलोबाइट रॅम आणि ३२ किलोबाइट रॉम ठेवली की ६४ किलोबाइट संपले. कळफलक आणि पडदा कोठे जोडणार? हा प्रश्न बोर्ड बनून आल्यावर सुचू नये. ७४एचसी१३८ ही एकच डिकोडर चिप वरच्या तीन रेषांवरून संपूर्ण क्षेत्राचे प्रत्येकी ८ किलोबाइटचे आठ समान भाग करते. खालचे तीन भाग रॅमला, चौथा उपकरणांना आणि वरचे चार रॉमला दिले, की काम भागते. रॅमचे ८ किलोबाइट वापराविना राहतात, त्याची खंत करू नये.

वेळेचा हिशेब

आता कळीचा मुद्दा. ६५०२ प्रत्येक ठोक्याला एकदा मेमरीकडे जातो. डेटाशीटप्रमाणे ५ व्होल्टवर पूर्ण वेगाच्या डब्ल्यू६५सी०२एस ला पत्ता मांडण्यास ३० नॅनोसेकंदांपर्यंत लागतात, आणि ठोका संपण्यापूर्वी १० नॅनोसेकंद डेटा तयार असावा लागतो. डिकोडर चिपला आणखी ३० नॅनोसेकंद धरू. एका ठोक्याच्या कालावधीतून हे ७० वजा केले की मेमरीसाठी उरलेला वेळ मिळतो.

क्लॉक १ मेगाहर्ट्झचा असेल तर ठोका १,००० नॅनोसेकंदांचा आणि शिल्लक ९३०. येथे कोणतीही मेमरी चालेल. ४ मेगाहर्ट्झला ठोका २५०, शिल्लक १८० : १५० नॅनोसेकंदांची ईईप्रॉम चालते. ५ मेगाहर्ट्झला शिल्लक १३० : तीच ईईप्रॉम आता हमीबाहेर गेली. ८ मेगाहर्ट्झला शिल्लक ५५ : ५५ नॅनोसेकंदांची रॅम कागदावर नेमकी बसते, पण हाताशी काहीच उरत नाही. असा बोर्ड थंडीत चालेल आणि उन्हाळ्यात रुसेल. १४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर घेऊन त्याला १५० नॅनोसेकंदांची रॉम जोडणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जुंपण्यासारखे आहे.

दुसरी एक चूक याहून सूक्ष्म आहे. ६५०२ वाचन आणि लेखन यांसाठी एकच रेषा वापरतो. पत्ता बदलत असताना भलत्याच जागी लेखन होऊ नये, म्हणून रॅमचा लेखन-संकेत क्लॉकच्या दुसऱ्या अर्ध्या भागातच द्यावा लागतो. हा नियम लेखनापुरता आहे. काही जण तो सरसकट रॉमच्या निवड-पिनेलाही लावतात. तसे केल्यास ४ मेगाहर्ट्झला रॉमला मिळणारा वेळ १२५ नॅनोसेकंदांच्याही आत येतो, आणि १८० मध्ये निभावणारी १५० नॅनोसेकंदांची चिप आता निभावत नाही. चिप तीच, क्लॉक तोच. बदलली ती केवळ एक जोडणी.

प्रोसेसरांची तुलना मेगाहर्ट्झवरून करणेही फसवे ठरते. झेड-८० एका वाचनासाठी तीन किंवा चार ठोके घेतो. म्हणून तेवढ्याच मेगाहर्ट्झला त्याला मंद मेमरी चालते.

व्होल्ट जुळतात का?

५ व्होल्टवर चालणारी ७४एचसी जातीची चिप सुमारे ३.५ व्होल्टच्या वरचा संकेतच ‘१’ मानण्याची हमी देते. ७४एचसीटी जातीला २ व्होल्ट पुरतात. अनेक जुन्या मेमरी आणि ७४एलएस चिपा ‘१’ साठी फक्त २.४ ते २.७ व्होल्टची हमी देतात. प्रत्यक्षात हलक्या भारावर व्होल्टेज अधिक चढते आणि बोर्ड चालतोही. तथापि ती नशिबाची साथ असते, हमी नव्हे. शंका असेल तेथे एचसीटी वापरावी.

३.३ व्होल्टच्या आधुनिक चिपा मिसळताना अधिक जपावे. ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टवरील एचसी चिपला कमी पडतो. उलट दिशेने ५ व्होल्टचा संकेत ३.३ व्होल्टच्या चिपला जाळू शकतो. मधल्या पुलासाठी ३.३ व्होल्टवर चालणारी ७४एलव्हीसी२४५ योग्य, कारण तिच्या प्रवेश-पिनांना ५ व्होल्ट सोसतात. आणि व्होल्ट कोणतेही असोत, प्रत्येक चिपच्या वीजपिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. तो वगळून वाचवलेले पैसे नंतर दोष शोधण्यात अनेक पटींनी खर्ची पडतात.

बाजारातील पारख

मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथे सुटे भाग मिळतात, आणि ऑनलाइन बाजार आता जगभर पसरलेला आहे. उत्पादन थांबलेल्या चिपांबाबत मात्र सावध असावे. जुन्या यंत्रांतून काढलेल्या चिपांवरील छपाई घासून तेथे अधिक वेगाचे किंवा नवे नाव छापलेले आढळते. पृष्ठभाग अतिशय मंद आणि एकसारखा, अक्षरे नको तितकी ठसठशीत, उत्पादनाची तारीख त्या चिपचे उत्पादन थांबल्यानंतरची, पिनांवर जुन्या सोल्डरचे डाग, या खुणा पाहाव्यात. आधी दोन नग आणून ब्रेडबोर्डवर तपासावेत आणि मगच बाकीचे घ्यावेत. मुख्य प्रोसेसर आणि मेमरी अधिकृत वितरकाकडून घेणे उत्तम. तेथे चार पैसे जास्त पडतात, पण दोष आढळला तर संशय आपल्याच आखणीपुरता मर्यादित राहतो.

कामाचा क्रम

प्रथम लागणारी मेमरी मोजावी. नंतर प्रोसेसर ठरवून पत्त्यांचा तक्ता काढावा आणि त्यात उपकरणांची जागा राखावी. क्लॉक ठरवून वरील वजाबाकी करावी. शिल्लक आणि मेमरीचा वेग यांत निदान वीस-तीस नॅनोसेकंदांचे अंतर ठेवावे. प्रत्येक दोन चिपांमधील व्होल्ट तपासावेत. भाग हाती आल्यावर, त्यांच्या पिना डेटाशीटशी ताडूनच बोर्डाची आखणी पक्की करावी. सर्व मोठ्या चिपांना सॉकेट द्यावे आणि पहिली चाचणी १ मेगाहर्ट्झवर घ्यावी. तेथे बोर्ड चालला आणि ४ मेगाहर्ट्झवर अडखळला, तर पहिला संशय वेळेच्या हिशेबावर घ्यावा. १ मेगाहर्ट्झवरही निमूट राहिला, तर जोडण्या, पत्ते आणि वीज तपासावी. कागदावरचा हिशेब जपून ठेवलेला असेल, तर दोष कोठे शोधायचा हेही तोच सांगतो.